परत केलेल्या माळा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दोन शब्द बोला म्हणालात. बँकेतल्या माणसाला शब्दांपेक्षा आकडे बरे जमतात. म्हणून आज आपल्या जमाखर्चातल्या एका जुन्या नोंदीबद्दल बोलतो.

गेल्या महिन्यात माझ्या नातीने एका लग्नासाठी ऑनलाइन ड्रेस मागवला. लेबल आत खोचून दिवसभर घातला आणि दुसऱ्या दिवशी 'साइज बरोबर नाही' असं कारण देऊन परत पाठवला. मी म्हटलं, "अगं, हे बरं दिसतं का?" ती म्हणाली, "आबा, सगळेच करतात. एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?" मी पुढे बोलणार होतो, पण गप्प बसलो. मला सोसायटीचा पहिला गणेशोत्सव आठवला.

तेव्हा मी खजिनदार होतो. वर्गणी बेताचीच जमली होती. तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून आपण रोषणाईच्या बारा माळा आणल्या. दहा दिवस छान झगमगाट झाला. विसर्जनानंतर माळा पुसून, खोक्यात भरून आम्ही तिघे दुकानात गेलो. "नीट लागत नाहीत," असं सांगितलं. सांगणारा मीच. दुकानदाराने एक माळ लावून पाहिली, ती लागली. तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला आणि काही न बोलता गल्ल्यातून पैसे काढून दिले. पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या काटकसरीला टाळ्या मिळाल्या. हिशेबात 'माळा परत' अशी रक्कम जमा आहे, खाली सही माझी.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीची आपण पुणेकर चेष्टा करतो. ग्राहकाची बाजू घेऊन बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला दुकानदार नकार देऊ शकत नाही. पण हा हक्क सदोष मालासाठी आहे, वापरून झालेल्या मालासाठी नाही. आपण खोटं बोलून माल परत केला, की उद्या खरी तक्रार घेऊन येणाऱ्याकडेही दुकानदार संशयानेच बघतो.

आणि 'कंपनी मोठी आहे' म्हणाल, तर बँकही मोठीच होती. पण संध्याकाळी रोख कमी भरली, की ती तूट कॅशिअर आपल्या खिशातून भरायचा. चुकून जास्त आलेली नोट घेऊन घरी जाणाऱ्याला तो कॅशिअर दिसत नसे. तूट कुणाच्या तरी नावावर पडतेच.

नातीला मी हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग तुम्ही पैसे परत दिलेत?" गेल्या आठवड्यात तपकीर गल्लीत जाऊन आलो. त्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. जुन्या मालकांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हा निदान नोंद तरी आज तुमच्यासमोर दुरुस्त करतो. त्या बाराही माळा उत्तम होत्या. एकही बंद नव्हती.