बाळुत्याचं कापड भिवंडीनं विणावं



पत्रिकेवर विषय छापलाय ‘कापडी लंगोट की डायपर’. डायपर म्हणजे काय, हे समोर बसलेल्या आयांना मी सांगायला नको. वर प्लॅस्टिकच्या तंतूंचा थर, आत लाकडाचा लगदा आणि ओल धरणारे पॉलिमरचे दाणे, बाहेर प्लॅस्टिकचा पापुद्रा. भरला की फेकायचा. माझा जन्म सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्यात गेला, म्हणून मी कापडाबद्दल बोलणार.

पूर्वी बाळुती विकत कोण आणत होतं? आजीचं जुनेर किंवा आजोबांचं धोतर फाडायचं. त्यात काटकसर होती, तसं शहाणपणही होतं. कपाशीच्या तंतूवर मुळातच मेण असतं. त्यात मागावर धागा तुटू नये म्हणून आम्ही ताण्याला खळ देतो. मागावरून उतरलेल्या ग्रे कापडावर पाण्याचा थेंब टाका, तो वरच बसून राहतो. धुऊन धुऊन मेण आणि खळ निघून गेली, की तोच थेंब झटकन आत शिरतो. बाळाला जुनं धोतर लागायचं ते यासाठी. विरळ विणीचं सुती कापड लवकर वाळतं, घड्या घातल्या की ओलही जास्त धरतं. विणीवर तर मी तासभर बोलेन...

(मागून आवाज : “काका, आता धोतर नेसतंय कोण?” हशा.)

बरोबर विचारलंत! धोतर गेलं, सुती नऊवारी गेली, घरोघरी पॉलिस्टर आलं. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही, त्याची बाळुती होत नाहीत. आणि ते पॉलिस्टर आपल्या भिवंडीचेच माग विणतात. आयांनी बाळुती टाकली असं म्हणू नका, घरातलं कापडच संपलं.

मला कृपा करून आयांच्या विरोधात उभं करू नका. कामावरून दमून आलेल्या बाईनं एकटीनं बादलीभर बाळुती धुवावीत, असं मी म्हणत नाही. बाप धुवील, आजोबा वाळत घालतील. प्रवासात खुशाल डायपर बांधा.

(“आणि धुण्याचं पाणी, वीज?”)

तोही खरा प्रश्न आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये हिशेब मांडला. एका बाळाच्या अडीच वर्षांत हवेत जाणारा कार्बन डायपरचा ५५० किलो, कापडाचा ५७०. म्हणजे जवळपास बरोबरी. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तीच बाळुती दुसऱ्या बाळालाही वापरली, तर कापडाचा आकडा ४० टक्क्यांनी उतरतो. आपल्याकडे पावसाळा सोडला तर ऊन फुकट आहे. पावसाळ्यात जास्तीची बाळुती लागतील, हे मान्य.

आता कचऱ्याकडे बघा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं, कंपन्यांनी त्यासाठी वेष्टन द्यावं असंही लिहिलं. तरी पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायांना दुसऱ्यांची घाण हातानं निवडावी लागते, म्हणून त्या वर्षानुवर्षं लढताहेत. आपल्या घंटागाडीवरही माणसंच आहेत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. पावसाळ्यातल्या वाळवणाचा भाग सोडून देतो. इथे यंत्रमागवाले बसलेत, त्यांना हात जोडून सांगतो : प्रत्येकी एक माग सुतावर लावा. विरळ वीण घ्या, खळ पूर्ण काढा, कापड दोन-चारदा धुऊन मऊ करा आणि मगच विका. नवं कापड जुन्यासारखं करून देणं आपल्याला जमतं. गिऱ्हाईक रोज जन्माला येतंय.

(टाळ्या)