पाळी गेल्यावरची हाडं

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा त्याचा लगाम सुटतो. पहिली 5-7 वर्षं ही झीज फार वेगानं होते. सोयाबीनमधली जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्यं इस्ट्रोजेनसारखंच काम करतात, पण फारच क्षीण. डेडझीनपासून अधिक प्रभावी इक्वॉल बनवणारे जिवाणू तर काहींच्याच आतड्यांत असतात. म्हणून नुसत्या सोयाबीनवर भिस्त नको. आपल्या रत्नागिरीची नाचणी घ्या: 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. मांदेली कुरकुरीत तळून काट्यांसकट चावून खा. घाटीची चढण चालत जा, हाडांना भार हवाच. आणि साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर प्लास्टर निघाल्यावर गप्प बसू नका. डॉक्टरांना विचारून हाडांची घनता तपासून घ्या.