जुनी स्कूटर, घाटाचा चढ आणि गटाचं कर्ज

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण तोही त्या वहीतूनच निघालाय. आज आपण बोलणार आहोत स्कूटरच्या गिअरबद्दल. हसू नका. आमच्या गटातही पहिल्यांदा सगळ्या हसल्याच होत्या.

झालं असं. आमच्या गटात अकरा जणी आहोत. त्यातल्या एक ताई पापड, शेवया, कुरडया घेऊन आठवड्यातून तीनदा करंजी घाटाच्या रस्त्यानं नगरला येतात. त्यांची बिनगिअरची स्कूटर दहा-अकरा वर्षांची. पायाशी एक पोतं, मागं एक खोकं आणि त्या स्वतः. गेल्या वर्षी ही गाडी घाटात दम टाकू लागली. चढ लागला की मंदावायची. जास्त रेस दिली की इंजिन ओरडायचं, पण गाडी जागची हलायची नाही. थांबलं की जळक्या रबराचा वास यायचा. एका गॅरेजवाल्यानं नुसती किक मारून सांगितलं, "ताई, इंजिन बसलंय. विकून टाका."

ताईंनी गटाकडे पंचेचाळीस हजारांचं कर्ज मागितलं, नवीन गाडीसाठी. त्याच बैठकीत आमच्या एक काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पस्तीस हजार कमी पडत होते. गटाकडे शिल्लक होती अठ्ठावन्न हजार. दोघींचं मिळून होत होतं ऐंशी हजार. आता कुणाला नाही म्हणायचं? ताईंच्या घराची चूल त्या गाडीवर चालते. आणि मुलीची फी एका तारखेच्या आत भरायची होती. खरं सांगतो, आम्हीही त्या दिवशी ताईंच्या अर्जावर सही करायला निघालो होतो, कारण त्यांनी आधी अर्ज दिला होता.

तेवढ्यात गटातल्याच एकीची पुतणी म्हणाली, "काकू, गाडी उघडून तरी बघितली का कुणी?" ही मुलगी आयटीआयला मेकॅनिकचं शिकते. तिनं आम्हाला त्या संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

बिनगिअरची गाडी म्हणजे गिअर नसलेली गाडी नव्हे. गिअर असतो, तो आपला आपण बदलतो. गाडीच्या डाव्या बाजूला जे लांब झाकण असतं, त्याच्या आत दोन पुली आणि एक रबरी पट्टा असतो. पुढची पुली इंजिनला जोडलेली, मागची चाकाकडे. पुढच्या पुलीत बोराएवढे गोल रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिनचा वेग वाढला की हे रोलर बाहेर फेकले जातात, पाळण्यात बसल्यावर आपण बाहेर ढकलले जातो तसे. ते पुलीची एक बाजू आत दाबतात आणि पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तोच पट्टा खाली उतरतो. झाला वरचा गिअर! चढ लागला, वेग कमी झाला, की रोलर परत आत यायचे, पट्टा पुढं खाली उतरायचा आणि गाडीला जोर मिळायचा.

ही युक्ती जुनी आहे. हॉलंडमधल्या डाफ कंपनीनं १९५८ साली पट्ट्यावर चालणारी, आपोआप गिअर बदलणारी छोटी मोटार आणली होती. आपल्याकडे कायनेटिक होंडा १९८४ साली आली, तीत हीच पट्ट्याची रचना होती. आणि त्याच्याही आधी १९७२ साली आली ती लूना, आपल्या नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. तिला क्लच दाबायची भानगड नव्हती, म्हणून आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणी पहिली गाडी शिकल्या ती लूनावरच. त्याच कंपनीत आज दुसऱ्या वाहन कंपन्यांसाठी गिअर आणि शाफ्ट बनतात. म्हणजे गिअर हा आपल्या जिल्ह्याचाच धंदा आहे, बायकांनी त्याला बिचकायचं कारण नाही.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी जणी गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि सांगितलं, झाकण आमच्यासमोर उघडा. हे काम घरी करायचं नाही बरं का. आतली नट मशीननं सोडवावी लागते. पाना मारून बळ केलं तर पुलीची पाती तुटतात.

झाकण निघालं आणि सगळं कळलं. सहाच्या सहा रोलर एका बाजूनं झिजून चपटे झाले होते. चपटा रोलर गडगडत नाही, अडकून बसतो. म्हणून चढावरही पट्टा वरच्या गिअरलाच अडकायचा आणि इंजिनचा जीव जायचा. शिवाय पट्टा झिजून अरुंद झाला होता, कडेला चिरा पडल्या होत्या. जोर आला की तो पुलीत घसरायचा. इंजिन ओरडतंय आणि गाडी हलत नाही ती यामुळे, वासही त्याचाच. इंजिन बसलेलं नव्हतंच!

दुकानातला पोरगा म्हणाला, "हलके रोलर टाकू, घाटात उडेल गाडी." इथं पुतणीनं त्याला थांबवलं. हलके रोलर उशिरा बाहेर फेकले जातात. त्यामुळे गाडी खालच्या गिअरला जास्त वेळ राहते आणि चढ बरा चढते. पण सपाट रस्त्यावर इंजिन उगाच जास्त फिरतं आणि पेट्रोल जास्त पितं. जड रोलर टाकले तर उलट, सपाटीला मजा आणि घाटात सजा. जुन्या जोरदार मोटारींचे हौशी लोक मागच्या हौसिंगमधला क्राउन-पिनियन बदलतात, तिथंही हाच व्यवहार असतो. सुरुवातीचा जोर वाढवला की हमरस्त्यावर इंजिन जास्त फिरणार. दोन्ही हातांत लाडू मिळत नाही. ताईंचा निम्मा रस्ता घाटाचा नाही, सपाटच आहे. म्हणून कंपनीच्या मूळ वजनाचेच रोलर घेतले.

मग संशय आला मागच्या टायरवर. ताईंच्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी जाड टायर बसवलं होतं. टायर उंच झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, म्हणजे मागचा गिअरच बदलल्यासारखं होतं आणि चढ जड जातो. पुतणीनं आम्हाला टायरचा नंबर वाचायला लावला. मूळचं होतं ९०/१००-१०. म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, आणि रिंग १० इंची. नवं होतं १००/९०-१०. रुंदी १००, उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे परत ९० मिलिमीटरच! जाड झालं, उंच नाही. दीर निर्दोष सुटले. तरी टायर घेताना गाडीच्या पुस्तकातलाच नंबर घ्यावा, कारण जाड टायर कडेला घासूही शकतं.

शेवटी मागच्या चाकाजवळचा गिअरचा डबा. पट्ट्याचा वेग कमी करून चाकाला जोर देणारे दातेरी गिअर त्यात असतात. त्याचं ऑइल वेगळं असतं, इंजिनच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. लागतं किती? बऱ्याच स्कूटरना शंभर-सव्वाशे मिली, नेमकं माप पुस्तकात पाहायचं. ताईंनी ते दहा वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. आम्हीही कुणी बदललं नव्हतं, कारण ते वेगळं असतं हेच माहीत नव्हतं. काळं ऑइल निघालं, पण त्यात लोखंडाचे तुकडे नव्हते, म्हणून गिअर शाबूत आहेत हे कळलं. तुकडे निघाले असते किंवा चाक फिरवताना घरघर आली असती, तर खर्च मोठा होता आणि गाडी विकायचा विचार बरोबर ठरला असता.

पट्टा, रोलर, त्यांचे स्लायडर, गिअर ऑइल आणि मजुरी, सगळे मिळून तेराशे रुपये झाले. पंचेचाळीस हजारांवर आमच्या गटाच्या शेकडा दीड रुपया दरानं पहिल्याच महिन्याचं व्याज पावणेसातशे रुपये होतं. म्हणजे दोन महिन्यांच्या व्याजात गाडी दुरुस्त झाली. ताईंनी आपला अर्ज आपल्या हातानं मागं घेतला आणि काकूंच्या मुलीची फी वेळेत भरली गेली. ती मुलगी आता वसतिगृहात आहे.

त्यानंतर आम्ही गटात एक नियम केलाय. गाडीसाठी कर्ज मागायचं असेल तर आधी जुनी गाडी समोर उघडून घ्यायची, आणि काय झिजलंय, किती खर्च आहे ते कागदावर लिहून आणायचं. दोन गॅरेजचं मत घ्यायचं. बदललेले जुने भाग परत मागून घ्यायचे. ताईंचे चपटे रोलर आजही आमच्या गटाच्या पेटीत आहेत, नव्या सभासदांना दाखवायला.

आणि घाटातून जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. चढावर वाहनं तुंबली तर अर्धी रेस देऊन गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेक लावा आणि रेस सोडा. उतारावर रेस पूर्ण सोडून गाडी फार हळू झाली, की या गाड्यांचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. इंजिन तिला धरत नाही. म्हणून वेग आधीपासूनच कमी ठेवा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून वापरा.

उद्या घरची स्कूटर पुसताना डावीकडच्या त्या लांब झाकणाकडे एकदा बघा. आणि मालकांना, मुलाला किंवा गॅरेजवाल्याला विचारा, "मागचं गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं?" उत्तर आलं नाही, तर गाडी गॅरेजला न्यायची वेळ झाली असं समजा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.