स्थितिवाद आणि ‘बळी तो कान पिळी’

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मराठींत तक्रार म्हणून वापरतात, सिद्धांत म्हणून नव्हे. ती उच्चारणाराचा कान बहुधा त्याच क्षणीं कोणाच्या तरी हातांत असतो. राजकारणांतील जुन्याचा कैवार घेणाऱ्या स्थितिवादी पंथावर मात्र असा आरोप वारंवार होत आला आहे कीं, त्यानें ही तक्रारच तत्त्व म्हणून स्वीकारली. ज्याच्या हातीं सत्ता त्याच्या बाजूला नीति, असें मानूनच तो चालतो. विलायतेंतील या पंथाच्या पक्षाला मराठी वृत्तपत्रांनीं ‘हुजूरपक्ष’ हें नांव दिलें, त्यांतही हा आरोप अर्धामुर्धा आलाच. हुजूर म्हणजे जो गादीवर बसला आहे तो. तो कसा बसला हें कोणी विचारीत नाहीं.

आरोप खरा कीं खोटा हें मोघम चर्चेनें ठरत नाहीं. हा पंथ ज्याला आपला मूळपुरुष मानतो त्या एडमंड बर्कलाच साक्षीस बोलावलेलें बरें. बर्क १७२९ सालीं डब्लिन येथें जन्मला आणि १७९७ सालीं वारला. तो स्वतःला व्हिग म्हणवीत असे; ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हें पक्षनाम इंग्लंडांत रूढ झालें तें त्याच्या मृत्यूनंतर तीसपस्तीस वर्षांनीं. परंतु १७९० सालीं फ्रेंच राज्यक्रांतीवर त्यानें जो ग्रंथ लिहिला त्या भट्टींतच या पंथाचीं बहुतेक शस्त्रें घडलीं. राजा, धर्मसंस्था, कुळें, वतनें, रूढि यांचें एवढें आवेशपूर्ण समर्थन पूर्वीं क्वचितच कोणी केलें असेल. मग सत्तेचा हा भाट असला पाहिजे, असें वाटणें साहजिक आहे.

पण तो ग्रंथ लिहिला जात असतांना हाच गृहस्थ आपल्या काळच्या एका बलाढ्य अधिकाऱ्यावर खटला चालवीत होता. १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं वेस्टमिन्स्टर येथील जुन्या दिवाणखान्यांत उमरावांच्या सभेपुढें वॉरन हेस्टिंग्स याची चौकशी सुरू झाली, आणि ती सात वर्षें चालली.

काशीचा राजा चेतसिंग याचें प्रकरण त्या आरोपपत्रांतील एक मुख्य कलम होय. १७७५ सालीं अयोध्येच्या नबाबानें काशीप्रांतावरील आपलें स्वामित्व कंपनीस दिलें. राजानें दरसाल सुमारें साडेबावीस लाख रुपये भरावे व त्याहून अधिक मागणी त्याजकडे होऊं नये, असें ठरलें. १७७८ सालीं फ्रान्सशीं युद्ध सुरू झाल्याचें कळतांच हेस्टिंग्सनें पांच लाख रुपये जादा मागितले. दुसऱ्या वर्षीं पुन्हा पांच लाख, तिसऱ्या वर्षीं पुन्हा पांच लाख. मग घोडेस्वार मागितले. मधल्या काळांत मराठ्यांशीं युद्ध जुंपलें होतें. १७७९ सालीं वडगांव येथें कंपनीची फजिती झाली, १७८० सालीं हैदर कर्नाटकांत उतरला, आणि कलकत्त्याच्या खजिन्याचा तळ दिसूं लागला. काशीच्या राजाचा कान पिळला गेला त्याला पुण्याच्या तरवारीचेंही थोडें कारण आहे, हें मराठी माणसानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

राजा टाळाटाळ करतो म्हणून त्याला चाळीस-पन्नास लाखांचा दंड करण्याचें हेस्टिंग्सनें मनांत धरलें, आणि ऑगस्ट १७८१ मध्यें तो स्वतः काशीस गेला. राजाला त्याच्याच वाड्यांत कैद करण्यांत आलें. पहाऱ्यावरील शिपायांपाशीं दारूगोळाच नव्हता! रामनगरहून नदी उतरून आलेल्या जमावानें त्यांना कापून काढलें, आणि राजा पागोट्यांचा दोर करून खिडकींतून खालीं उतरला व नावेंतून निसटला. गव्हर्नर जनरलला रात्रीच्या अंधारांत चुनारचा किल्ला गांठावा लागला. पुढें अर्थातच कंपनीची फौज आली आणि चेतसिंगाचें राज्य गेलें. तो अखेरीस महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला आणि ग्वाल्हेरीसच वारला.

यावर हेस्टिंग्सनें जो बचाव मांडला त्यांतील एक भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. आशियांतील राज्यपद्धति मुळांतच अनियंत्रित. तेथें राजाची इच्छा हाच कायदा. कंपनी त्या राजांच्या गादीवर आली, तेव्हां तिचा अधिकारही तसाच अनियंत्रित. ‘बळी तो कान पिळी’ याचें याहून स्वच्छ शासकीय भाषांतर मिळणें कठीण.

बर्कनें हें म्हणणें मुळावरच घाव घालून तोडलें. मनाला येईल तसें वागण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला? पार्लमेंटनें दिला म्हणावें तर तो पार्लमेंटपाशींच नव्हता. राजानें दिला म्हणावें तर राजापाशींही नव्हता. जें कोणापाशींच असूं शकत नाहीं तें कोणी कोणाला देऊं शकत नाहीं. जिंकून घेतल्यानेंही तो मिळत नाहीं, कारण जेता आपल्याबरोबर नीतीचें बंधन घेऊनच येतो. काहीं अंश रेखांश ओलांडले म्हणजे पाप पाप राहत नाहीं, या कल्पनेची त्यानें मनसोक्त टर उडविली. आणि पुढें जाऊन त्यानें मुसलमानी धर्मशास्त्राचा व तैमूरच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या नियमांचा आधार देऊन दाखविलें कीं, पूर्वेकडील राजेही कायद्यानें बांधलेलेच असतात. त्यांना बेबंद म्हणणें हें अज्ञान तरी आहे किंवा सोय तरी.

आतां फ्रान्सकडे पाहावें. २ नोव्हेंबर १७८९ रोजीं तेथील राष्ट्रसभेनें धर्मसंस्थेची सारी मिळकत राष्ट्राच्या स्वाधीन केली. बर्कचा सर्वांत मोठा संताप या कृत्यावर आहे. त्याच्या आठदहा वर्षें आधीं फैजाबाद येथें नबाबाच्या आई व आजी यांचा खजिना कंपनीच्या बळावर हिरावून घेतला गेला होता. त्यांच्या मिळकतीची हमी कंपनीनेंच दिलेली होती, तरी त्यांच्या विश्वासू खोजांना कैदेंत घालून पैसा उकळण्यांत आला. बर्कच्या दृष्टीला हीं दोन्ही कृत्यें एकाच जातीचीं दिसलीं. पॅरिसमध्यें बहुमताचें बळ होतें, फैजाबादेस पलटणीचें. दोन्ही ठिकाणीं पैशाची गरज होती, हातीं जोर होता, आणि समोरच्यापाशीं जुन्या हक्कावांचून दुसरें कांहीं नव्हतें. तो हक्क तोडणारा राजा आहे कीं प्रजा, हा भेद बर्कला गौण वाटला. तेव्हां तो जुन्याचा अभिमानी असूनही सत्तेवर उलटला असें नव्हे. जुन्याचा अभिमानी होता म्हणूनच उलटला.

बर्कच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवावा असें मात्र नाहीं. त्याच्या जिभेला लगाम नव्हता. नंदकुमाराच्या फांशीबद्दल बोलतांना त्यानें ‘खून’ हा शब्द वापरला, तेव्हां १७८९ सालीं त्याच्याच सभागृहानें त्याला ठपका दिला. हेस्टिंग्सही निव्वळ राक्षस नव्हता. विल्किन्सनें केलेल्या गीतेच्या इंग्रजी भाषांतराला जोडलेलें प्रशंसापत्र त्याचेंच. २३ एप्रिल १७९५ रोजीं त्याला निर्दोष ठरविण्यांत आलें. मत देण्यास उमराव उरले होते २९. बचावाचा खर्च ७०,००० पौंडांहून अधिक झाला. १८१३ सालीं हा ऐंशी वर्षांचा वृद्ध साक्षीसाठीं पार्लमेंटांत आला, तेव्हां सभासदांनीं उभे राहून व टोप्या काढून त्याला मान दिला.

बर्कला वगळून हा पंथ चालूं लागला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हें आहे. १८६९ ते १८७२ या काळांत तो कलकत्त्यास सरकारचा कायदेमंत्री होता; १८७२ चा पुराव्याचा कायदा त्याच्याच हातचा, आणि तो १ जुलै २०२४ पर्यंत या देशांत लागू होता. तो स्वतःला उदारमतवादी म्हणवी, परंतु १८७३ सालीं त्यानें मिल्लच्या स्वातंत्र्यवादावर जो हल्ला चढविला तो स्थितिवाद्यांना अद्याप प्रिय आहे. १८८३ सालीं इल्बर्ट बिलानें हिंदी न्यायाधीशांना मुफस्सल भागांत युरोपियनांचे फौजदारी खटले चालविण्याचा अधिकार देऊं केला, तेव्हां स्टीफननें ‘टाइम्स’ पत्रांत लिहिलें तें असें: हिंदुस्थानचें राज्य लोकांच्या संमतीवर नव्हे, तर विजयावर उभें आहे, आणि तें उघडपणें कबूल करण्यास जेत्यानें लाजूं नये. दोन वर्षांनीं त्यानें नंदकुमाराला फांशी देणाऱ्या न्यायाधीशाच्या समर्थनार्थ दोन खंडही लिहिले. बर्कनें जेत्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. स्टीफननें विजयालाच सनद मानलें. दोघेही सुव्यवस्थेचे भक्त, दोघांनाही क्रांतीची धास्ती. म्हणजे स्थितिवाद आणि बलपूजा हीं एकच नव्हेत; पण त्यांचीं घरें शेजारींशेजारीं आहेत आणि मधली भिंत फारशी उंच नाहीं.

ती भिंत कोठें खचली आहे, हें बर्कच्याच सिद्धांतांत सांपडतें. दीर्घकाळच्या वहिवाटीनें हक्क उत्पन्न होतो, यावर त्याची सारी मदार होती. उगमाशीं तरवार असली तरी पिढ्यांमागून पिढ्या गेल्या म्हणजे तिचा गंज कायद्याचा मुलामा होतो. पण किती वर्षांनीं? आणि ज्याच्या वाट्याला वहिवाटीनें केवळ वंचनाच आली, त्यानें कोणता जुना हक्क पुढें करावा? काशीच्या राजापाशीं करार होता, फैजाबादच्या बेगमांपाशीं हमी होती. ज्यांच्यापाशीं कागदच नाहीं त्यांच्याविषयीं हा सिद्धांत अडखळतो. कॅथलिकांवरील जाचक कायदे जुने असूनही बर्कनें त्यांना विरोध केला, गुलामांच्या व्यापारास आळा घालणारा मसुदाही त्यानें तयार केला; त्याचें अंतःकरण त्याच्या सिद्धांतापेक्षां मोठें होतें एवढेंच यावरून ठरतें. सिद्धांत पुढें दुसऱ्यांच्या हातीं जातो. अंतःकरण जात नाहीं.

वहिवाटीचा हा प्रश्न महाराष्ट्रांतही न्यायासनापुढें आलेला आहे. महाड येथील चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव नगरपालिकेनें १९२४ सालीं केला होता. तरी मार्च १९२७ मध्यें डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्यालें, तेव्हां त्यांना मारहाण झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कांहीं सवर्णांनीं दिवाणी दावा लावला. दाव्याचा एक मुख्य आधार असा: अस्पृश्यांनीं या पाण्याला शिवूं नये अशी वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे. बर्कची भाषा ती हीच, फक्त ती चेतसिंगाच्या तोंडीं नसून त्याच्या दारांतील पहारेकऱ्याच्या तोंडीं होती. दहा वर्षें दावा चालला. स्टीफनच्याच पुराव्याच्या कायद्याखालीं वादींना आपली वहिवाट शाबीत करावयाची होती. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें त्यांचें अपील फेटाळलें. वहिवाट अनादि असल्याचें सिद्ध झालें नाहीं, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. सिद्ध झाली असती तर ती न्याय्य होती काय, हें पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाहीं.