गंजलेली मांडणी

कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर हे गाव दक्षिणेत प्रसिद्ध आहे ते सद्गुरुस्वामींच्या मठामुळे. या भजनपरंपरेत मराठी अभंगांनाही मानाचे स्थान आहे. तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही. परंतु या परिसराची दुसरी ओळख धातुकामाची आहे. स्वामिमलईच्या पंचधातूच्या मूर्ती, नाच्चियारकोविलच्या पितळी समया आणि कुंभकोणमची पितळी भांडी यांसाठी हा मुलूख नावाजलेला आहे. समईची बैठक, दांडा, तबक आणि माथ्यावरची प्रभावळ हे भाग निरनिराळे घडवून मग एकमेकांत बसवावयाचे असतात. म्हणजे साचे, कानशी, लगडी आणि अर्धवट तयार झालेले भाग ठेवावयास अशा कामाला मांडणी ही लागतेच.

कारखान्यांतून आज सर्वत्र दिसणारी मांडणी म्हणजे ओळीने भोके पाडलेले लोखंडी कोन व पत्र्याच्या फळ्या. छपाईच्या धंद्यात सामान ठेवण्याची अडचण अनुभवलेल्या देमेट्रिअस कोमिनो यांनी १९४७ साली लंडनमध्ये असे कोन बाजारात आणले. ज्याला नटबोल्ट आवळता येतो त्याला ही मांडणी उभी करता येते, म्हणून ती जगभर पसरली. या मांडण्या जुन्या झाल्या की निम्म्या किमतीत विकल्या जातात. आणि घेणारा रंगाचा डबा आणून त्यांना नवे रूप देऊ पाहतो. येथेच बहुतेकांची फसगत होते.

कल्हईवाल्याचे काम ज्याने पाहिले असेल त्याला यातील मर्म चटकन् कळेल. कल्हईवाला भांडे आधी घासून उघडे करतो, तापवतो, नवसागर टाकून त्यावरील मळी काढतो आणि मगच कथील फिरवतो. कथील धातूला धरते, मळीला धरत नाही. रंगाचेही तसेच आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाखाली फुगतो आणि वरचा थर उचलून टाकतो. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात. अशा दमट हवेत गंजावर फासलेला रंग एक पावसाळा काढील तर पुष्कळ. दगडाला शेंदूर फासून देव करता येतो. गंजक्या लोखंडाचे पोलाद करता येत नाही.

शेंदराचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. शेंदूर हा शिशाचाच एक ऑक्साइड असून लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्याचे अस्तर देण्याची पद्धत जुनी आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाविषयी शंका बाळगणेच शहाणपणाचे. आणि औद्योगिक रंग या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, हेही विसरू नये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ कारागिराच्या छातीत जाते, कपड्यांवर बसून घरी जाते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. म्हणून जुना रंग जाळू नये, यंत्राने कोरडा घासू नये. पाण्यात भिजविलेल्या काचकागदाने ओला घासावा, चिखल गोळा करून वेगळा ठेवावा, योग्य मुखपट्टी वापरावी आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

एरवी कामाचा क्रम सरळ आहे. मांडणी सुटी करून प्रत्येक तुकड्यावर खूण करावी. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा; तेलावर कोणतेही अस्तर बसत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढावा. खोबणीत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले असता त्याचे लोहाच्या फॉस्फेटात रूपांतर होते. नंतर धुऊन पूर्ण वाळवावे आणि त्याच दिवशी अस्तर द्यावे. उघडे लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. अस्तर झिंक फॉस्फेटचे घ्यावे. झिंक क्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगाला कारण होऊ शकते. त्यावर तैलरंगाचे दोन पातळ हात पुरतात. मांडणी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर मात्र साधा तैलरंग तिच्यावर टिकत नाही. जस्ताशी त्याचा साबण होऊन तो सुटतो. तेथे जस्तासाठी केलेलेच अस्तर हवे.

रंगापूर्वी आणखी एक परीक्षा करावयाची असते. खांबाचा पाया व जोड टोकदार हत्याराने टोचून पाहावेत. पत्रा आरपार खाल्ला गेला असेल, किंवा खांब वाकला असेल, तर तो भंगारात द्यावा. ठोकून सरळ केलेल्या खांबात पहिले बळ येत नाही. पितळ लोखंडापेक्षा जड असते. ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद फळीवर पितळेच्या लगडी अवघ्या ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत सलग रचल्या, तरी भार सुमारे १७० किलो होतो. चकचकीत रंगाला हा हिशेब कळत नाही. उलट तो दोष झाकतो आणि खाली बसून काम करणाऱ्याला बेसावध ठेवतो. म्हणून जड माल खालच्या फळीवर ठेवावा, मांडणी भिंतीला जखडावी आणि तिचे पाय ओल्या जमिनीला टेकू देऊ नयेत.

हे सारे काम उन्हाळ्यात उरकावे. हवा फार दमट असताना दिलेला रंग धरत नाही. रंग दिल्यावर आठवडाभर मांडणी रिकामी ठेवावी, आणि दरवर्षी सप्टेंबरअखेर तिचे पाय व जोड पुन्हा तपासावेत. रंग देणे हा यातील सर्वांत लहान आणि सर्वांत शेवटचा भाग होय.