पिशवीभर वारा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. पण ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे, म्हणून बोलायचे धाडस करतो.

आमच्या सोसायटीत तेव्हा कमरेइतके पाणी होते. तळमजल्यावरच्या एका आजींना समोरच्या इमारतीत न्यायचे होते. शेजारच्या मुलाकडे पॅकराफ्ट होती. पॅकराफ्ट म्हणजे घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावणारी, दोन-चार किलोची हवेची होडी. पंप मात्र गाडीच्या डिकीत आणि गाडी पाण्यात! आम्ही चौघे आळीपाळीने तोंडाने फुंकत बसलो. मला घेरी आली, होडी लुळीच राहिली. शेवटी आजींना खुर्चीत बसवून, मगरींच्या धास्तीने जीव मुठीत धरून, पाण्यातून नेले. आजी सुखरूप आहेत. पण वाया गेलेला तो पाऊण तास मला आजही टोचतो.

नंतर हिशेब केला. अशा होडीत सुमारे २५० लिटर हवा लागते. मोठ्या फुंकरीत जाते जेमतेम ३ लिटर. म्हणजे ऐंशीहून जास्त फुंकरी! घेरी येणारच. खरे तर या होडीला पंप लागतच नाही, लागते एक पिशवी.

ती घरी करता येते. छत्रीचे किंवा जुन्या रेनकोटचे हवा न सोडणारे कापड घ्या. साधारण ६० सेंटीमीटर रुंद, १ मीटर लांब पिशवी दुहेरी शिवणीने शिवा. शिवणीवर रबराचे सोल्यूशन लावा, नाहीतर सुईच्या भोकांतून हवा जाते. एक टोक पूर्ण उघडे ठेवा. दुसऱ्या टोकाला होडीच्या व्हॉल्व्हमध्ये बसेल असे प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून, कडा घासून, दोरीने आवळून बांधा. फट राहिली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. अगदी अडचणीत कचऱ्याची जाड पिशवीही चालते.

आता तोंड वाऱ्याकडे धरा. पिशवी फुगली की चटकन मुरगळून बंद करा आणि छातीशी धरून हळूहळू दाबा. एका खेपेला साठेक लिटर हवा येते. थोडी वाया जाते हे धरले, तरी सहा-आठ खेपांत होडी आकाराला येते. वारा नसेल तर तोंड रुंद उघडून वीतभर अंतरावरून आत फुंका. ओठ पिशवीला लावायचे नाहीत. फुंकरीचा झोत आजूबाजूची हवा ओढून आत नेतो, आणि दोन-तीन फुंकरींत पिशवी भरते. शेवटी हवा उलटी येऊ लागली की पिशवीची मान मुठीत धरा, झाकण लावा आणि उरलेला कडकपणा छोट्या नळीतून तोंडाने आणा.

होडी पाण्यात ठेवल्यावर पाच मिनिटे थांबा. ४० अंशांची हवा २५ अंशांवर आली की सुमारे पाच टक्के आकसते. होडी सैल पडते, भोक पडल्यासारखे वाटते. पुन्हा थोडे फुंका. उलट, उन्हात काठावर ठेवाल तर थोडी हवा सोडा, नाहीतर शिवण उसवेल. टायरचा कॉम्प्रेसर तर लावूच नका. त्याचा दाब या कापडासाठी नाही.

ही कल्पना जुनी आहे. १८४० च्या दशकात पीटर हॉल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगरख्यासारखी पांघरता येणारी रबरी होडी केली. हवा भरायला खिशात छोटा भाता! जॉन रे याने हॉल्केटची होडी आर्क्टिकच्या मोहिमेत वापरली.

तरुणांना एक कळकळीची विनंती. ही होडी शांत पाण्यासाठी आहे. वाहत्या पुरात, विजेच्या तारांजवळ किंवा लाइफ जॅकेटशिवाय ती नेऊ नका. तिथे बचाव पथकालाच बोलवा.

पिशवी मात्र आज शिवा, घरच्या अंगणात एकदा भरून पाहा आणि होडीच्याच घडीत ठेवा. डिकीत नको! आमच्या घरची पिशवी आजींनी स्वतःच्या मशीनवर शिवून दिली आहे.

गणपती बाप्पा मोरया!