दंड उगारायचा नसतो, उंच करायचा असतो



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. कुणी अन्नदानावर बोललं, कुणी जुन्या मंडळींवर बोललं. आम्ही चोपावर बोलणार आहोत, कारण तो काही वर्षं आमच्या हातात होता आणि आमच्याकडून एकदा चुकला.

ज्यांनी माउलींच्या पालखीचा तळ बघितलाय, त्यांना समाजआरती ठाऊक आहे. संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड उंच करतात, 'हो' म्हणून पुकारतात, आणि एवढा समाज गप होतो. तिथं पोलीस लागत नाही, शिटी लागत नाही. एखाद्या दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहतात. ती बेशिस्त नव्हे बरं का! त्या दिंडीची काही तक्रार असते. चोपदार स्वतः चालत तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात. मग ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते.

ही घडी हैबतबाबांपासूनची. बाबा आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. फौज कशी चालवायची ते त्यांना ठाऊक होतं. पण सोहळा लावून देताना त्यांनी शिस्त घेतली आणि तलवार बाहेर ठेवली.

आता आमची गोष्ट ऐका. तीसेक वर्षं झाली असतील. दिंडीचा चोप आमच्याकडे होता. बारा-तेरा वर्षांचं एक पोरगं रांगेत बोलत होतं, त्याची पावली चुकली, मागच्यांची रांग मोडली. आम्ही दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा चोप त्याच्या दंडावर बसला. रांग एकदम सरळ झाली. आम्हाला वाटलं, काय आमचा दरारा!

रात्री पंगतीत ते पोरगं आमच्या पंक्तीला बसलं नाही. आमचे म्हातारे विणेकरी शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "बुवा, आज पोरगं भ्यालं म्हणून गप झालं. तळावर लोक गप होतात, ते भिऊन का?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्या विणेकऱ्यांनी जन्मात कुणाला दरडावलं नाही. पहाटे तीनला गार पाण्यानं अंघोळ करून गंध लावून तयार. वीणा खांद्यावर घेतला की दुसऱ्याच्या गळ्यात जाईपर्यंत खाली टेकवायचा नाही, ऊन असो, पाऊस असो. ते राहुटीत आले की गप्पा मारणारी पोरं आपोआप उठून टाळ घ्यायची. त्यांनी सांगायच्या आधी केलेलं असायचं, म्हणून त्यांना सांगावं लागत नव्हतं.

आपण शेतकरी माणसं, खोंडावरून बघा. खोंड कोवळा असतानाच अंगावरून हात फिरवायचा, दाव्याची सवय लावायची. पुढं जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपायचा. आधी रिकामं औत, थोडा वेळ, मग सोडायचा. तो जाणत्याच्या पावलावर पाऊल टाकून शिकतो. असा बैल नुसत्या हाकेवर वळतो. मारून शिकवलेला बैल धन्याला ओळखत नाही, आसुडाला ओळखतो. आसूड घरी राहिला की औत बांधावर चढवतो.

माणसाचं लेकरू तर खोंडापेक्षा शहाणं. आपल्या पंथात लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. पाच वर्षांच्या पोराच्या पायाला सत्तर वर्षांचा आजा हात लावतो, तेव्हा मान कसा द्यायचा हे त्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

आम्ही पुढं त्या पोराच्या घरी गेलो. पाया पडलो. ते लाजून आत पळालं. पण दिंडीत पुन्हा आलं नाही. आता मोठा बापया झालाय. एस्टीनं पंढरीला जातो, दर्शन घेतो, भेटला की 'माउली' म्हणतो. रांगेतली त्याची जागा मात्र आमच्या हातानं रिकामी झाली.

म्हणून पुढच्या शंभर वर्षांसाठी चोप हातात घेणाऱ्या पोरांना एवढंच मागणं. दंड कुणावर उगारू नका. तो उंच करा, सगळ्यांना दिसेल असा. त्याआधी रांगेत सगळ्यात पहिले तुम्ही उभे राहा. लेकरांना लहानपणीच हातात टाळ द्या, जाणत्याच्या शेजारी उभं करा, चुकलं तर पुन्हा पावली दाखवा. आणि सगळे गप झाल्यावरही कुणाचा टाळ वाजत राहिला, तर चालत त्याच्यापाशी जा. त्याचं काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं.

त्या पोराला काय सांगायचं होतं, ते आम्ही त्या दिवशी विचारलं नाही.

पंढरीनाथ महाराज की जय!